मांजरीचे दहा दिवस

आमच्या घरी माणसांपेक्षा जनावरांच्या तक्रारी जास्त यायच्या, आणि त्यातल्या निम्म्या मागच्या दाराने यायच्या. नाना, म्हणजे माझे वडील, गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. डॉक्टरांकडे तीन गावं. ते आठवड्यातून दोनदा मोटरसायकलवर यायचे आणि आल्या पावली निघायच्या घाईत असायचे. बाकीचे दिवस नाना म्हणजेच दवाखाना. पुढे लाकडी खोडा, त्यात अडकवलेली म्हैस, तिची शेपटी धरून उभा असलेला मालक आणि फिनेल-शेणाचा मिसळलेला वास. तिथे बैल आणायचा, गाय आणायची, फार तर शेळी. कुत्रं किंवा मांजर काखेत मारून कुणी त्या दारात उभं राहिलं असतं तर खोड्याभोवतीच्या मंडळींनी त्याला पुढची दोन वर्षं सुखाने जगू दिलं नसतं. म्हणून ज्याला आपल्या कुत्र्याची दया यायची तो संध्याकाळी आमच्या परसात यायचा. आधी कापसाचं बोलायचा, मग मुलीच्या लग्नाचं, आणि उठता उठता म्हणायचा, "नाना, कुत्रं दोन दिसपासून कान झटकी राह्यनं."

कान झटकणं ही सगळ्यात साधी तक्रार. कानात पू नाहीतर काळी घाण, मांजराच्या कानात तर कॉफीची पूड सांडल्यासारखी. नाना कापूस काडीला गुंडाळून कान साफ करायचे आणि मी डोकं धरायची. मग खरूज. केस जाऊन कुत्र्याची पाठ हत्तीच्या कातडीसारखी झालेली, त्यावर करंजाच्या तेलात खललेलं गंधक. जखमेत किडे पडलेले असले की टर्पेंटाइनचा बोळा, आणि मग चिमट्याने एकेक किडा बाहेर. हे काम मला आवडायचं, हे सांगायला आता लाज वाटत नाही. बोक्यांना मारामारीत चावे बसायचे आणि आठ दिवसांनी गालाला लिंबाएवढं गळू यायचं. एखाद्या बोक्याची लघवी अडायची. तो राखेत बसून कण्हत राहायचा आणि तिसऱ्या दिवशी मरायचा, त्यावर नानांपाशी काही नव्हतं. कुत्र्याच्या पिलांना रक्ताची हगवण लागायची, ते तर तेव्हा नवीनच होतं. एका आठवड्यात गल्लीतली सगळी पिलं गेली आणि नाना नुसते उकिडवे बसून बघत राहिले. आता माझ्या नातीच्या कुत्र्याला या सगळ्याच्या लशी आहेत आणि त्यांचं एक छापील पुस्तकही आहे. तिच्या पिढीला वाटतं, कुत्री पूर्वीही अशीच बारा-चौदा वर्षं जगत असतील.

नानांचं सगळं शास्त्र बैलापासून सुरू व्हायचं. सरकारने त्यांना बैल शिकवला होता, बाकीची जनावरं त्यांनी बैलाला भाग देऊन काढली होती. बैलाला ओंजळभर तर वासराला मूठभर, शेळीला त्याच्या निम्मं, कुत्र्याला दोन चिमटी. हा हिशेब बहुतेक वेळा जमायचाही. मला तो पाढ्यांसारखा पाठ होता. चौदा-पंधराव्या वर्षी मी स्वतःला निम्मी डॉक्टर समजत होते, आणि नाना लोकांसमोर "मंदाला विचारा" असं थट्टेने म्हणायचे तेव्हा त्यातली थट्टा मला ऐकू यायची नाही.

घर लहान होतं. पुढे ओटा, मध्ये एक खोली, मागे चूल. ज्या चुलीवर माय कळण्याच्या भाकरी थापायची त्याच चुलीच्या वैलावर पितळी डब्यात नानांच्या सुया उकळत असायच्या. भरताची वांगी भाजताना त्या वाफेचा वास वांग्यांना लागतो अशी तिची तक्रार होती, तरी तिने डबा कधी खाली काढला नाही. माय कमी बोलायची. शेजारी सुमनमावशीची पिठाची गिरणी होती. तिच्या पट्ट्याचा फटफट आवाज सकाळी सुरू व्हायचा आणि आम्ही सगळे त्या आवाजावरून वरच्या सुरात बोलायचो. परगावी गेल्यावर लोक विचारायचे, तुम्ही भांडता का? मधूनच पीजेची शिटी. पाचोरा ते जामनेर जाणारी ती छोटी गाडी, तिला सगळे पीजेच म्हणायचे. ती इतकी सावकाश जायची की शेवटच्या डब्यातून उतरून, लघवी करून, पळत येऊन पुन्हा चढता येतं असं पोरं सांगायची. कुणी करून दाखवलेलं मी पाहिलं नाही.

सुमनमावशीची लेक शकू त्या दिवाळीत पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा सरून आठवा लागलेला. नवरा दीपनगरला, वीजकेंद्राच्या कॉलनीत. शकू माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. लग्नाआधी ती मला वेण्या घालून द्यायची, इतक्या घट्ट की डोळे तिरपे व्हायचे. लग्न होऊन जाताना ती एक मांजर मागे ठेवून गेली होती, पांढऱ्यावर काळे ठिपके असलेली. पिठाच्या गिरणीतल्या मांजराला उंदरांची ददात नसते, त्यामुळे ती चांगली अंगाने भरली होती. पण पिसवांनीही भरली होती. मान खाजवायला बसली की गिरणीच्या फरशीवर पिसवा उडताना दिसायच्या. सुमनमावशीने निकाल दिला, "घरमा लेकरू येनार शे. एक ते पिसवा जातीन, नही ते मांजर पोतामा घालीसन नदीपल्याड जाई." आमच्याकडे नको असलेल्या मांजरीची हीच रीत होती. पोत्यात घालायची, नदी ओलांडायची, म्हणजे तिला परतीची वाट सापडत नाही. शकू त्या दुपारी आमच्या ओट्यावर आली, हात कमरेवर ठेवून बसली आणि म्हणाली, "मंदे, तू नानानी पोर शे. काही तरी कर ना वं."

नाना घरी असते तर त्यांनी काय केलं असतं, मला माहीत नाही. ते लाळ-खुरकताच्या लशींसाठी दोन दिवस पलीकडच्या गावांना गेले होते. घरात बिस्किटांच्या जुन्या डब्यात गोचिडांची पावडर होती. दवाखान्याच्या पोत्यांतलं उरलंसुरलं नाना घरी आणून ठेवत, जे त्यांनी आणायला नको होतं. बैलांच्या गोचिडांना ती, कापसावरच्या किडीला जवळपास तीच, आणि आमच्या परसातल्या कुत्र्याला नाना महिन्यातून एकदा तीच चोळत. कुत्र्याला कधी काही झालं नव्हतं. मी हिशेब केला. कुत्र्याला दोन चिमटी, तर मांजरीला एक. मग पिसवा पाहिल्या आणि दोन घेतल्या. मग पोटाखाली राहिलं म्हणून तिसरी. मांजरीला गोणपाटात गुंडाळून मी तासभर मांडीवर धरून बसले आणि पिसवा पटापट मरून पडताना पाहून मला फार मोठेपणा वाटला. शकूने मला चकली दिली.

आता हे कुणीही सांगेल. बैल आपलं अंग चाटून धूत नाही. कुत्रं थोडंफार चाटतं. मांजर मात्र अंगावर काहीही लागलं की चाटून ते स्वच्छ करून टाकतं, म्हणजे जे अंगाला लावाल ते सगळं तिच्या पोटात जातं. नातीच्या मांजरीला हल्ली मानेच्या मागे, जीभ पोचत नाही तिथे, औषधाचे थेंब टाकतात. गोष्ट इतकी साधी आहे. पण नानांच्या हिशेबात मांजर म्हणजे फार लहान बैल होता, आणि माझ्या हिशेबात तर ती नानांच्या हिशेबाचाच एक भाग होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीतून किंकाळी आली. मांजर कोपऱ्यात थरथरत होती, तोंडातून लाळ गळत होती, कातडी उडत होती, पट्ट्याचा आवाज झाला की दोन हात उंच उडत होती. शकू तिला उचलायला गेली तेव्हा मांजरीने तिच्या अंगठ्याच्या मुळाशी दात रोवले. दिवाळीच्या चकल्यांची भाजणी दळायला निम्मं गाव गिरणीत होतं. महिन्यापूर्वी त्याच गिरणीमागे एक पिसाळलेलं कुत्रं मारलं होतं, आणि त्याआधीच्या वर्षी एक माणूस कुत्रं चावून गेला होता. शेवटी तो पाण्याचा तांब्या पाहून कसा करायचा ते सगळ्यांना आठवत होतं. "मांजर पिसाळनी!" कुणीतरी ओरडलं. हातात काठ्या आल्या.

तेवढ्यात माय आमच्या परसातून कोंबड्यांचं डालं घेऊन आली. तिने ते मांजरीवर पालथं घातलं आणि त्यावर बसली. नुसती बसली. माझी माय अंगाने बरीच होती, डालं करकरलं. काठ्यावाले थांबले. ती म्हणाली, "कोन्ही हात लावानं काम नही. मांजर मरी गयी ते पोरले चौदा सुया, पोटमा. दहा दिन जगनी ते सुया बंद. आते सांगा, मारतस का?"

एवढं बोललेलं मी तिला तोवर ऐकलं नव्हतं. नानांबरोबर वीस वर्षं काढून तिने हा नियम उचलला होता. चावलेलं जनावर दहा दिवस जिवंत राहिलं तर ते पिसाळलेलं नव्हतं, मग माणसाच्या सुया थांबवता येतात. मारलं तर काहीच कळत नाही. त्यामुळे त्या क्षणापासून शकूच्या पोटाचं भवितव्य त्या डाल्याखाली होतं, आणि डाल्याखालची मांजर झटके देत होती.

सुमनमावशीने आधी जखमेत तिखट भरलं. मग शकूला सात विहिरींत डोकावायला नेलं. सात विहिरींत डोकावलं की विष उतरतं असं तिच्या सासूने सांगितलेलं. गावात पाणी असलेल्या पाचच विहिरी निघाल्या, उरलेल्या दोनसाठी आठ महिन्यांची पोटुशी शकू कापसाच्या शेतातून पार मळ्यापर्यंत चालली. मी मागून जात होते. प्रत्येक विहिरीत ती वाकली की मावशी तिच्या पदराला धरून ठेवायची, आणि शकू पाण्यात बघून म्हणायची, "दिसनं." काय दिसायला हवं होतं ते कुणीच विचारलं नाही.

नाना दिवस मावळता मावळता आले. त्यांनी सायकल लावली, गिरणीत जाऊन डाल्याच्या फटीतून पाहिलं, वाकून वास घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "हिला काय लावलं?"

मी सांगितलं. तीन चिमटी हेही सांगितलं.

गाईच्या पोटात हात घालून गाभण तपासायचे खांद्यापर्यंतचे रबरी हातमोजे नानांनी दोन्ही हातांना चढवले आणि कपड्याच्या साबणाने, कोमट पाण्याने त्या मांजरीला तीनदा धुतलं. खांद्यापर्यंत मोजे घातलेला माणूस एवढीशी मांजर धुतोय हे इतर कुठल्याही दिवशी हसण्यासारखं होतं. मायने दुधात तूप घालून आणलं तर नाना खेकसले, "दूध नको, तूप नको! तेलकट पोटात गेलं की हे विष अंगात जास्त जिरतं." मग त्यांनी तिला कोरडी करून डाल्यात ठेवलं, डाल्यावर गोणपाट टाकलं आणि डालं आमच्या मधल्या खोलीतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणून ठेवलं. गिरणी मावशीने दहा दिवस बंद ठेवावी असं ते म्हणाले. दिवाळीच्या तोंडावर. मावशी रडली, पण तिने पट्टा उतरवला.

मग नाना शेजारी गेले आणि शकूला म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीने पाचोऱ्याला जायचं. सुया सुरू करायच्या."

"पोटुशीले पोटमा सुया?" मावशी अंगावरच आली. "लेकरूले काही व्हयनं ते?"

"लेकराची आई राहिली तर लेकरू राहील," नाना म्हणाले. "मंदा जाईल बरोबर."

परत येताना परसात त्यांनी मला थांबवलं. "हे पावडरीचंच दिसतंय," ते हळू म्हणाले. "पण तू कुणाजवळ बोलायचं नाही."

"का?"

"सांगितलं तेवढं कर."

मला कारण तिथल्या तिथे समजलं, निदान तसं वाटलं. पावडर सरकारी होती. बोभाटा झाला असता तर नोकरीवर आलं असतं. म्हणजे माझे नाना, ज्यांना मी देवाच्या खालोखाल मानत होते, नोकरीसाठी शकूच्या पोटात सुया टोचू देत होते. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या ते लक्षात आलं असावं.

रोज सकाळी मी आणि शकू पीजेने पाचोऱ्याला जायचो. लाकडी बाकावर ती खिडकीशी, मी तिच्या बाजूला, मांडीवर भाकरी आणि लसणाच्या चटणीचं फडकं. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर चांगल्या होत्या. त्या बेंबीपासून लांब, कुशीकडे टोचायच्या आणि टोचताना शकूला बाळाचं नाव काय ठेवणार विचारायच्या. शकू माझं बोट धरून ठेवायची. डॉक्टर रोज एकच विचारायचे, "मांजर आहे?" मी म्हणायची, आहे. सुई दिलेली जागा संध्याकाळपर्यंत सुजून लाल व्हायची. दुसऱ्या दिवशी नवी जागा शोधायची. चौथ्या दिवसापर्यंत शकूचं पोट पाहवत नव्हतं. परतीच्या गाडीत ती पोटावर हात ठेवून बसायची आणि बाळ हललं की मान हलवायची, हललं नाही की माझ्याकडे बघायची. चार दिवसांत ती माझ्याशी जेवढी बोलली तेवढी आधीच्या पाच वर्षांत बोलली नसेल. ती म्हणाली, मी मेले तर चालेल पण लेकरू पिसाळलेलं जन्मलं तर काय करायचं? असं होत नाही हे मी तिला सांगितलं. तेव्हाही मला ते माहीत नव्हतं, नुसतं वाटत होतं.

चौथ्या संध्याकाळी मांजरीची थरथर थांबली. तिने पाणी प्यायलं, भाकरीचा चुरा खाल्ला, आणि फटीतून हात बाहेर काढून मायच्या लुगड्याला नखं लावली. मी आनंदाने वेडी झाले. पिसाळलेलं जनावर बरं होत नाही, मला कळत होतं. म्हणजे पावडरच! पाचव्या सकाळी गाडी सुटल्यावर मी शकूला सगळं सांगितलं. पावडर, तीन चिमटी, नानांनी घेतलेला वास, नानांनी बोलू नको म्हटलं तेही.

शकूने खिडकीबाहेर पाहिलं. कापूस वेचणाऱ्या बाया, त्यांच्या पाठीवरची ओझी. मग तिचा चेहरा असा सैल झाला की मला वाटलं तिला चक्कर येते आहे. "म्हनजे मांजर पिसाळेल नही?"

"नही."

"मंग ह्या सुया कसाले?"

तिने फडकं सोडलं आणि भाकरी खायला सुरुवात केली. पाच दिवसांत मी तिला असं खाताना पाहिलं नव्हतं. चटणीचं बोट चाटून ती हसली. पाचोऱ्याला उतरलो तर ती दवाखान्याच्या रस्त्याला लागलीच नाही. स्टेशनवरच्या बाकावर पाय पसरून बसली. "आते परतनी गाडी येवालोंग आठेच बसूत," ती म्हणाली. "तू नानानी पोर. तू सांगस म्हनजे खरंच व्हई."

माझ्यावर इतका विश्वास त्याआधी कुणी टाकला नव्हता. पहिली दोन मिनिटं मी फुगले. मग मीच मला विचारू लागले. मांजर रात्री कुठे फिरायची मला माहीत होतं का? गिरणीमागच्या त्या पिसाळलेल्या कुत्र्याने तिला ओरबाडलं असेल तर? एका मांजरीला पावडरही लागू शकते आणि पिसाळही लागू शकतो, दोन्हींनी एकमेकांना कुठे अडवलंय? चार दिवस झाले होते, दहा नव्हे. नानांचा नियम दहाचा होता आणि मी तो चारावर आणला होता, कारण मला घाई होती. समोर आठ महिन्यांची पोटुशी बाई पाय हलवत बसली होती आणि तिच्या आणि त्या पाण्याला भ्यायलेल्या माणसाच्या मध्ये फक्त माझं म्हणणं होतं. तेव्हा कळलं नानांनी तोंड बंद ठेवायला का सांगितलं. निदान एक कारण कळलं. नोकरीची भीती त्यांना नव्हती असं मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. दोन्ही असतील. मी त्यांना कधी विचारलं नाही आणि आता विचारायची सोय नाही.

"अक्का, चल," मी म्हणाले. मी तिला पहिल्यांदाच अक्का म्हटलं. "आजची सुई घेऊन घे."

"काबरं?"

"घेऊन घे ना. काय बिघडतं?"

"तुले काय बिघडस? पोट मनं शे." तिने पदर बाजूला करून मला तो सुजलेला भाग दाखवला, स्टेशनवर, हमाल बघत असताना. मी पुढे कारणं देत गेले, तिने एकेक उडवून लावलं, आणि ती सगळी तिने माझ्याच सकाळच्या बोलण्यावरून उडवली. शेवटी ती ओरडली, "तुले माहीत शे का नही? तितलंच सांग!"

खोटं बोलून सुटता आलं असतं. म्हणता आलं असतं की मी थट्टा केली, पावडर लावलीच नाही. मला ते सुचलंसुद्धा. पण ती माझ्या तोंडाकडे इतकं बघत होती की मला खोटं बोलता आलं नाही. मी म्हणाले, "माले माहीत नही."

तिने माझ्या कानशिलात मारली. मग उठली आणि माझ्यापुढे दहा पावलं, झपाझप, दवाखान्यात गेली. सिस्टरांनी नावाचं विचारलं तर बोलली नाही. टोचताना तिने माझं बोट धरलं नाही, खाटेची कड धरली. परतीच्या गाडीत ती समोरच्या बाकावर बसली. पुढचे चारही दिवस मी तिच्याबरोबर जात राहिले आणि आम्ही एक शब्द बोललो नाही. फक्त डॉक्टरांनी विचारलं की मी म्हणायची, मांजर आहे.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नानांना सांगून टाकलं. ते वैलावरून सुयांचा डबा उतरवत होते. त्यांनी एवढंच विचारलं, "सुई घेतली ना तिने?" मी हो म्हटल्यावर त्यांनी डबा खाली ठेवला आणि जिथे होते तिथेच, चुलीसमोर, बसले. संध्याकाळी पावडरचा डबा त्यांनी उकिरड्यात खोल पुरला.

दहाव्या दिवशी नानांनी डालं परसात आणून सगळ्यांसमोर उचललं. मांजर आळोखेपिळोखे देत बाहेर आली, गर्दीकडे एकदा पाहिलं आणि गिरणीत निघून गेली. लोकांनी नानांचं कौतुक केलं, मायचं केलं. मावशीने त्याच तासाला पट्टा चढवला. शकूच्या पाच सुया वाचल्या. ती आपल्या दारात उभी होती. गर्दी पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "तुना एक शब्दवर मी पोटनं लेकरू ठेई दिधं व्हतं," आणि आत गेली.

दोन महिन्यांनी तिला मुलगी झाली, धडधाकट, डोक्यावर भरपूर जावळ. मी बारशाला गेले, घुगऱ्या खाल्ल्या, पाळण्याची दोरी ओढली नाही. शकू माझ्याशी बोलत नव्हती. मलाही ते गैर वाटत नव्हतं, माझी तेवढी चूक होतीच. मी मागच्या दाराने येणारी कुत्री-मांजरं धरायची बंद केली नाही, फक्त कुणी "मंदाला विचारा" म्हटलं की आत जायची.

दीड महिन्याने शकूचा नवरा तिला न्यायला आला. निघण्याआधी लेकरू शेजारपाजारच्या मांडीवर द्यायचं असतं, म्हणून ती आमच्या ओट्यावर आली. मायच्या मांडीवर दिलं, तिने हातात रुपया ठेवला. नानांच्या मांडीवर दिलं, ते नखं वाढलीत म्हणाले. मग लेकरू परत घेऊन शकू माझ्यासमोर थांबली. मुलीच्या गालावर बारीक लाल पुरळ होतं. शकूने तिचा गाल माझ्याकडे वळवला.

"मंदे, हाई काय शे?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. अशी पुरळं मी पाहिली होती, गर्मीची असतात, आपोआप जातात. मला जवळजवळ खात्री होती. नाना खाली बघत होते.

"माले माहीत नही, अक्का," मी म्हणाले. "तठे दीपनगरला डॉक्टरले दाखाड."

शकूने माझ्याकडे पाहिलं आणि मुलगी माझ्या मांडीवर ठेवली. ती वाटली होती त्यापेक्षा जड निघाली.